बावीस मिनिटांवरचं माहेर

नेपाळातली सगळी घड्याळं एका रात्रीत पंधरा मिनिटांनी पुढे गेली, ते साल आमच्या विक्रम संवताचं २०४२. पुस महिन्याची सतरा तारीख. इंग्रजी कॅलेंडरात १९८६चा पहिला दिवस. काठमांडूत ठरलं, रेडिओवर सांगितलं आणि लोकांनी काटे सरकवले. मला मात्र बारा दिवस याचा पत्ता नव्हता. माझी चुलत सासू वारली होती आणि मी मुलांना घेऊन तेराव्यापर्यंत सासरच्या मूळ गावी, वरच्या लेकात, म्हणजे उंच डोंगरात, होते. त्या गावात रेडिओ नव्हता. घड्याळही एकच होतं, मुखियाच्या मनगटावर, आणि ते बंद होतं.

आम्ही राहायचो चौरीखेतला. विमानाचं मैदान म्हणजे नदीकाठचं एक लांबट कुरण. त्याच्या एका टोकाला दगडी खोली, तिच्यात वायरलेसचा संच, आणि दाराबाहेर वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीचा खांब. माझे यजमान कर्णबीर तिथे भोंग्यावर होते. विमान यायच्या दहा मिनिटं आधी हाताने भोंगा फिरवायचा, मैदानातली गुरं, घोडे, माणसं हाकलायची आणि विमान थांबलं की चाकांना दगड लावायचे, हे त्यांचं काम. मी खोली झाडायची, वाट पाहत बसलेल्या प्रवाशांना चहा करून द्यायची, आणि घड्याळाला चावी द्यायची.

वायरलेसवर होता तीर्थलाल. पाल्प्याचा मुलगा, पंचविशीचा, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तो मला दिदी म्हणायचा, मी त्याला भाइ. थंडीला भलता घाबरायचा. पुस लागला की दोन स्वेटर, त्यावर कोट, त्यावर माझ्या यजमानांची घोंगडी. यजमान त्याला म्हणायचे, "भाइ, तुला आत शोधायला पण भोंगा वाजवावा लागेल."

त्यानेच एकदा मला भिंतीवरच्या नकाशात माझं माहेर दाखवलं. धारकोट, हुम्ल्यात. तिथेही असंच एक मैदान झालं होतं. मी तोवर नकाशाकडे कधी धड पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे अंतर विचारायचं तर 'किती बास?' असं विचारतात, वाटेत किती रात्री काढायच्या म्हणून. चौरीखेत ते धारकोट सात बास, तेही हवा चांगली असेल तर. मध्ये दोन खिंडी. हिवाळ्यात त्या बर्फाने बंद, उन्हाळ्यात शेत मला सोडायचं नाही. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आले त्याला अठरा वर्षं झाली होती आणि त्यात मी दोनदा माहेरी गेले होते. दुसऱ्या खेपेला नऊ वर्षं उलटली होती. वडील गेले ते मला दीड महिन्याने कळलं.

तीर्थलालने दोरा घेतला, एक टोक चौरीखेतवर धरलं, दुसरं धारकोटवर. मग तो दोरा पट्टीला लावला.

"पंचेचाळीस मैल, दिदी."

"त्याचे बास किती?"

"विमानाला बास नसतात. बावीस मिनिटं."

मी त्या दिवशी चुलीवर फापराची भाकरी टाकून आले होते. परत गेले तर ती कोळसा झाली होती. कारण बावीस मिनिटं म्हणजे किती हे बघायला मी घड्याळासमोर उभी राहिले होते. नुसती उभी. काटा सरकताना बघत.

अर्थात तसं विमान नव्हतं. धारकोटहून उडणारं विमान खाली सपाटीवर नेपालगंजला जायचं आणि तिथून दुसरं आमच्याकडे यायचं. चुलीपासून अंगणात यायला शेजारच्या गावाला वळसा घालावा, तसं. दोन्हींची जागा मिळायला पंधरा-पंधरा दिवस ताटकळावं लागे. म्हणून त्या हिवाळ्यात जेव्हा बातमी आली, की धारकोट आणि चौरीखेत अशी थेट फेरी सुरू करायचा विचार आहे, त्याआधी एक परीक्षेची फेरी होणार आहे आणि तपासणीला नेपालगंजचे हुमनाथ सर स्वतः विमानातून येणार आहेत, तेव्हा माझं कशातच लक्ष लागेना. फेरी ठरली एकोणतीस पुसला. संक्रांत तोंडावर होती. माझ्या भावाने, ऐनेने, धारकोटच्या वायरलेसवरून निरोप दिला: त्या विमानात चार जागा गावच्या माणसांना देणार आहेत, एकीवर आमाला बसवतो.

आमाला, माझ्या आईला, कमी दिसायला लागलं होतं. ऐनेने हेही सांगितलं होतं की तिला या वर्षी खोकला सोडत नाहीये. म्हणजे काय ते मला समजलं होतं.

तेरावं उरकून मी अठ्ठावीस पुसला चौरीखेतला परतले, ती बरोबर दुपारच्या वेळी. पाठीवरचं ओझं उतरवलं आणि पहिली गेले घड्याळाकडे. ते लंबकाचं घड्याळ मोजणीवाल्यांनी मागे ठेवलेलं. थंडीत त्याला अवदसा आठवायची, रोज मिनिटभर पुढे पळायचं. रेडिओ लावून वेळ मिळवावी तर बॅटऱ्या वायरलेससाठी राखून ठेवलेल्या. म्हणून तीर्थलालच्या आधीच्या बाबूंनी मला एक युक्ती शिकवली होती. दाराबाहेरच्या त्या खांबाच्या सावलीच्या वाटेत एक चुन्याने रंगवलेला दगड असायचा. सावली दगडावर आली की बारा. दर महिन्याला बाबू रेडिओ ऐकून दगड जरासा सरकवायचे; ते गेल्यावर ते काम तीर्थलाल करायचा, आठवण केली तर. मी बारा वर्षं त्या दगडावर घड्याळ मिळवत आले होते.

त्या दुपारी सावली दगडावर होती आणि घड्याळात सव्वाबारा. मी मनाशी हिशेब केला. पंधरा दिवस मी नव्हते, घड्याळ पंधरा मिनिटं पळालं. बरोबरच आहे. तीर्थलालला कोण सांगणार, तो तर घोंगडीतून हात बाहेर काढत नाही. मी पेटी उघडली, मोठा काटा मागे घेऊन बारावर आणला, चावी दिली आणि घरी जाऊन आमासाठी अंथरूण उन्हात टाकलं.

तीर्थलालने सतरा तारखेला ते घड्याळ रेडिओवरून बरोबर लावलं होतं आणि मी परतेपर्यंत रोज मिळवतही होता, हे मला ठाऊक नव्हतं. मी काटा मागे घेतला हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याचं मनगटी घड्याळ दुरुस्तीला खाली गेलेलं. दगड सरकवायचा राहिला एवढीच काय ती त्याची चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, म्हणजे आमच्या नऊ वाजता, त्याने संच चालू केला तर धारकोटच्या वायरलेसवरचे मानसिंह दाजू वैतागलेले. पाव तास मी घसा फोडतोय, म्हणाले, चौरीखेतला माणसं उठलीत की गारठून गेलीत? तीर्थलालने हवेवर ढकललं; हिवाळ्यात आवाज जाणं-येणं असंच असायचं. दाजूंनी कळवलं, विमान मैदानात उभं आहे, ठीक दहाला उडेल. तीर्थलालने पाटीवर लिहिलं: दहा बावीसला येणार, भोंगा दहा बाराला. बॅटरी वाचवायला संच बंद केला, तो दहाला पुन्हा लावायचा होता.

साडेनऊच्या सुमाराला, खिंडी बंद व्हायच्या आत उतरून आलेले आमच्याच हुम्ल्याकडचे मीठवाले खाली चालले होते. चारेकशे मेंढ्या, प्रत्येकीच्या पाठीवर मिठाच्या दोन पिशव्या. ते मैदानाच्या कडेला थांबले आणि यजमानांना विचारू लागले की जरा ओझी उतरवू का, जनावरं दमलीत. यजमानांनी पाटी बघितली. म्हणाले, "दहा वाजून दहापर्यंत बसा. मग मात्र हला, माझी सासू येतेय वरून." सगळे हसले.

मी खोलीच्या दाराशी चहाचं भांडं घेऊन उभी होते. दहा वाजले, तीर्थलालने संच लावला आणि लावल्याबरोबर आतून विमानाच्या कप्तानाचा आवाज आला. खिंड ओलांडली होती. सात मिनिटांत उतरणार होता.

तीर्थलाल घोंगडी टाकून बाहेर पळाला. एवढ्या वर्षांत मी त्याला घोंगडीविना पळताना पहिल्यांदा पाहिलं. यजमानांनी भोंगा फिरवला. पण ओझं उतरवलेल्या मेंढ्या भोंग्याला उठतात थोड्याच. निम्म्या उठल्या त्या उलट मैदानाच्या मधोमध गेल्या. आम्ही सगळे धावलो, मीठवाले, मी, मुलं, काठ्या, दगड, आरडाओरडा. विमान खाली आलं, मेंढ्या बघून वर गेलं. वळून पुन्हा आलं. मैदानात अजून शंभरेक मेंढ्या आणि विखुरलेल्या पिशव्या. पुन्हा वर गेलं. तोवर नदीच्या वरच्या अंगाने ढग दाटत आले होते. तिसऱ्यांदा ते वळलं नाही. दक्षिणेकडे तोंड करून लहान लहान होत गेलं.

खिडकीत कुणी दिसलं नाही. तरी मी दोन्ही वेळा हात हलवला होता.

तासाभराने नेपालगंजहून कळलं, विमान सुखरूप उतरलं आहे. त्याच बोलण्यात वेळ विचारली गेली आणि तीर्थलालला उमगलं की आपलं घड्याळ पंधरा मिनिटं मागे आहे. मग संचावर हुमनाथ सर आले. फार ओरडले नाहीत, त्याने जास्त भीती वाटली. म्हणाले, ज्या मैदानाला वेळ सांभाळता येत नाही आणि मेंढ्या सांभाळता येत नाहीत, तिथे मी माणसं उतरवणार नाही. संध्याकाळी पाचला अहवाल जाईल, त्याआधी कोणाची चूक ते नाव कळवा. धारकोटची थेट फेरी विसरा. तुमची म्हातारी इथे आहे, तिला पुढच्या नेहमीच्या विमानात जागा झाली की पाठवू.

पुढच्या विमानात जागा होती माघाच्या सतरा तारखेला.

तीर्थलाल डोकं धरून बसला. थंडीने घड्याळ मागे पडलं असेल, म्हणाला. यजमान म्हणाले, थंडीने ते पुढे जातं, मागे नाही.  मी दारात उभी होते. बाहेर खांबाची सावली दगडाच्या जवळ आली होती, आणि मी सहज बोलून गेले की हे बघा, आता बारा होतील. तीर्थलालने नुकतंच नेपालगंजवरून मिळवलेल्या घड्याळाकडे पाहिलं.

"दिदी, सावली दगडावर येते तेव्हा आता सव्वाबारा होतात. सरकारने वेळ बदलली ना."

"कधी?"

"सतराला. तुला नाही माहीत?"

 मी काल दुपारी काय केलं ते सांगितलं.

 तीर्थलाल हळूच म्हणाला, दगड सरकवायचा माझाच राहिला होता. यजमान उठले, दार लोटून आले. ते कमी बोलायचे. त्या दिवशी बोलले. "हे इथंच राहू दे. भोंगा माझा, मेंढ्यांना मी बसवलं. माझं नाव द्या. मला काय, मी शेत बघेन. सरकारी घड्याळाला बाईमाणसाचा हात लागला म्हटलं तर या पोराची नोकरी जाईल."

"आणि फेरी?" मी विचारलं.

 भोंगेवाला निष्काळजी म्हटलं की मैदान निष्काळजी. फेरी गेलीच. माझी आमा एकदा सतरा तारखेला येईल, आणि परत जाताना पुन्हा नेपालगंज, पुन्हा पंधरा दिवस, त्या खोकल्यासकट. मग ती कधी येणार नाही, मी कधी जाणार नाही. सात बास सात बासच राहणार.

मी म्हटलं, "भाइ, संच लाव. मी बोलते."

"तुला बोलता नाही येणार, दिदी. नियम आहे."

"घड्याळाला हात न लावायचाही असेलच ना नियम."

यजमानांच्या तोंडावर हसू आलं, ते त्यांनी लपवलं. तीर्थलालने संच लावला, सरांना बोलावलं आणि बोलायचा माइक माझ्या हातात दिला. दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, एवढं मला बघून बघून माहीत होतं.

मी नाव सांगितलं, धनसरा रोकाया. म्हटलं, सर, काटा मी मागे घेतला. मी बारा वर्षं सावलीवर घड्याळ मिळवते. मी लेकात होते, वेळ बदलल्याचं मला कुणी सांगितलं नाही, आणि सावलीला पण कुणी सांगितलं नाही. भोंगेवाल्याने पाटीवर होतं तसंच केलं. मेंढ्या पाटी बघूनच बसवल्या. नाव लिहायचं तर माझं लिहा. पण मैदान वाईट आहे असं लिहू नका. बावीस मिनिटं बरोबरच आहेत, सुरुवात कुठून धरली ते चुकलं.

बटण सोडलं. नुसती खरखर. मग सर म्हणाले, "सावलीला कुणी सांगितलं नाही, म्हणजे काय? सगळं पहिल्यापासून सांगा. दगड कुठे आहे, किती मोठा आहे."

मी सांगितलं. खांब, चुना, महिन्याला सरकवणं, सगळं. ते मध्ये मध्ये विचारत होते, जसा मास्तर पाढे विचारतो. शेवटी म्हणाले, "तुमची आई माझ्यासमोर बसली आहे. सकाळपासून विचारतेय, माझी मुलगी कुठाय. तिला वाटतंय हेच चौरीखेत." मग म्हणाले, "उद्या हवा चांगली असेल तर मी स्वतः येतो. आधी दगड बघणार. मग बाकीचं."

मला वाटतं त्या रात्री आमच्याकडे कोणी धड जेवलं नाही. पण सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं होतं. भोंगा वाजला तेव्हा मैदानात एक कोंबडीसुद्धा नव्हती. यजमानांनी पहाटेपासून मुलांना राखणीला उभं केलं होतं.

विमानातून आधी हुमनाथ सर उतरले, उंच, पिकल्या मिशांचे. त्यांच्या हाताला धरून माझी आमा. पाठीवरची पिशवी तिने सोडली नव्हती. ऐनेने मला नंतर सांगितलं, धारकोटला ती पिशवीवरून भांडली होती: मुलीच्या घरचं खायचं नाही, शिवाय सात बास जायचंय, मला सात दिवसांचं पीठ लागेल. बावीस मिनिटं सांगितली तर म्हणाली, तुम्ही तरुण माणसं लवकर चालता.

मी पाया पडले. तिने माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, कपाळ, गाल, कान. मग म्हणाली, "सरे, तू काल का नाही आलीस? मी दिवसभर त्या उकाड्यात बसले. तुझं गाव इतकं सपाट कसं, म्हटलं. डोंगर कुणी नेले? हा बिचारा मुलगा चांगला आहे, माझ्याबरोबर अक्रोड फोडत बसला."

बिचारा मुलगा म्हणजे हुमनाथ सर. पन्नाशीचे असतील. त्यांनी खोकून दुसरीकडे पाहिलं.

मग ते खांबापाशी गेले. सावली दगडावर यायची वाट पाहत उभे राहिले, हातात त्यांचं घड्याळ. आम्ही सगळे मागे. सावली आली तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. पंधरा मिनिटं आणि वर एक. ते वरचं एक मिनिट, म्हणाले, इतके दिवस दगड न सरकवल्याचं. बाईंची चूक नाही.

तिथेच बसून त्यांनी अहवाल लिहिला. चूक लिहिली, लपवली नाही. घड्याळाच्या पेटीला कुलूप लावायचं, किल्ली तीर्थलालकडे. वेळ रोज संचावरून मिळवायची, त्यासाठी एक बॅटरी जास्तीची द्यावी. आणि भोंगा दोनदा: पहिला तिकडे विमान उडाल्याचं कळताच, दुसरा दहा मिनिटं राहिली की. बावीस मिनिटांत चारशे मेंढ्या उठतात का, असं त्यांनी यजमानांना विचारलं. यजमान म्हणाले, "ओझी उतरवली नसतील तर उठतात, सर." तेही लिहिलं गेलं: मैदानात ओझी उतरवू नयेत.

शेवटी लिहिलं, फेरी सुरू करायला हरकत नाही. तीर्थलालने मला ती ओळ दोनदा वाचून दाखवली.

आमा दोन महिने राहिली. फागुनच्या शेवटी पहिलं थेट विमान आलं तेव्हा मी तिच्यासोबत बसले. खिडकीतून दोन्ही खिंडी दिसल्या. मी ज्यांच्यातून रडत चालत आले होते त्या खिंडी, खाली, पांढऱ्या, गप्प. मी तिला सांगायला वळले तर ती झोपली होती.

ती फेरी नऊ वर्षं चालली, पुढे विमानं कमी झाली आणि बंद पडली. आता तिकडे मोटारीचा रस्ता जातो. आमा त्यानंतर सात वर्षं जगली, खोकल्यासकट. चार वेळा माझ्याकडे आली, आठ वेळा मी गेले, आणि ती गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. पिठाची पिशवी तिने शेवटपर्यंत आणली. तीर्थलालची बदली पाल्प्याजवळ झाली. तिथे त्याने लग्न केलं, मुलीचं नाव धनसरा ठेवलं, आणि आता तो उकाड्याची तक्रार करतो. मानसिंह दाजू निवृत्त होऊन धारकोटलाच राहिले, ऐनेच्या घराच्या मागे, आणि दोघं हद्दीच्या अक्रोडाच्या झाडावरून अजून भांडतात. हुमनाथ सर दरवर्षी संक्रांतीला पत्र पाठवायचे. एका वर्षी ते आलं नाही, त्यांच्या मुलाचं आलं. कर्णबीरांची नोकरी कायम झाली, ते बावीस वर्षं भोंग्यावर राहिले आणि तीन वर्षांपूर्वी, भात कापून झाल्यावर, अंगणात बसल्या बसल्या गेले. माझी धाकटी काठमांडूला नर्स आहे. मला चौऱ्याहत्तरावं लागलंय, येत्या चैतात ऐनेच्या नातवाचं लग्न आहे, आणि मी रस्त्याने जाणार आहे. जीपवाला म्हणतो दीड दिवस लागेल.